मूल ढकलतं तेव्हा : काळजीवाहक आणि मुलांमधलं नातं नक्की बनतं कसं

बालगृहात, निवाऱ्यात, निवासी शाळेत किंवा एखाद्या युथ सेंटरमध्ये नव्याने काम करायला लागलेल्या माणसाला सुरुवातीच्या काही महिन्यांत एक गोष्ट हमखास कळेनाशी होते. आपण नीट वागतोय, आवाज चढवत नाही, मुलाची बाजू ऐकून घेतोय, आणि तरी तेच मूल आपल्याला शिव्या देतंय, आपल्याच वस्तू फेकतंय, आणि जो माणूस त्याच्याकडे फारसं लक्षही देत नाही त्याच्याशी मात्र शहाण्यासारखं वागतंय. मग एखादा जुना सहकारी सांगतो की ही मुलं अशीच असतात, जास्त जीव लावू नकोस, त्रास तुलाच होईल. सल्ला चांगल्या मनाने दिलेला असतो पण माझ्या मते तो चुकीचा आहे, आणि तो मानून अनेक चांगली माणसं या कामात असूनही मनाने बाहेर पडतात म्हणून हा लेख.

आधी शब्दाचं बघू. काळजीवाहक म्हणजे इथे मी त्या माणसाबद्दल बोलतेय जो मुलांसोबत त्यांच्या रोजच्या जगण्यात असतो. समुपदेशक ठरलेल्या वेळी भेटतो, शिक्षक वर्गात भेटतात, केसचं काम बघणारे अधिकारी कधीतरी येतात आणि फाइल बघतात. काळजीवाहक सकाळी उठवतो, शाळेसाठी तयार करतो, अभ्यासाला बसवतो, भांडणं सोडवतो, औषध देतो, आणि रात्री ज्याला झोप येत नाही त्याच्याजवळ बसतो. कुठे त्याला केअर वर्कर म्हणतात, कुठे युथ वर्कर, कुठे ताई-दादा. पद कुठलंही असो, मुलाचा सगळ्यात जास्त वेळ याच माणसाबरोबर जातो.

उरलेले तेवीस तास

अनेक संस्थांमध्ये अशी समजूत असते की मुलाचा खरा इलाज समुपदेशनाच्या खोलीत होतो आणि बाकीचा वेळ म्हणजे फक्त सांभाळणं. १९६९ साली अल्बर्ट ट्रीशमन, जेम्स व्हिटेकर आणि लॅरी ब्रेंड्ट्रो या तिघांनी अमेरिकेत एक पुस्तक लिहिलं आणि त्याचं नावच 'उरलेले तेवीस तास' अशा अर्थाचं ठेवलं. दिवसातला एक तास थेरपीत जातो असं धरलं तरी उरलेल्या तेवीस तासांत काय होतं, हा त्यांचा प्रश्न होता. मुलाला सकाळी कसं उठवलं जातं, जेवणाच्या टेबलावर काय वातावरण असतं, झोपायच्या वेळी दिवे कसे बंद होतात, यावर त्यांनी प्रकरणंच्या प्रकरणं लिहिली.

त्याच्याही आधी, १९४० च्या दशकात डेट्रॉइटमध्ये फ्रिट्झ रेडल आणि डेव्हिड वाइनमन यांनी अतिशय आक्रमक समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी एक छोटं निवासी घर चालवलं होतं. रेडलचं म्हणणं असं की भांडण झालं की मुलाला गुरुवारच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबवू नका, जिथे घडलं तिथेच, जो माणूस तिथे होता त्यानेच त्याच्याशी बोला, कारण तेव्हा मुलाच्या मनात जे उघडं असतं ते गुरुवारपर्यंत बंद झालेलं असतं. हे वाचायला साधं वाटतं पण याचा अर्थ मोठा आहे. याचा अर्थ काळजीवाहक हा इलाज चालू असताना मुलं सांभाळणारा माणूस राहत नाही, तोच इलाजाचा मुख्य भाग होतो.

त्यामुळे 'आधी नातं जोडू, मग काम सुरू करू' असं जे ट्रेनिंगमध्ये सांगतात ते मला अर्धवट वाटतं. नातं हेच काम आहे. आणि ते जोडण्यासाठी वेगळा वेळ काढून मुलाला समोर बसवून 'तुझ्या मनात काय आहे सांग' असं विचारायची गरज नसते, उलट नवीन मुलाला तसं विचारलं तर ते घाबरतं कारण याआधी ज्यांनी ज्यांनी समोर बसवून प्रश्न विचारले त्यांनी नंतर त्याला एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेलेलं असतं. बूट सापडत नाही तेव्हा न रागावता तो शोधायला लागणं, काल त्याने सांगितलेली मॅचची गोष्ट आज आठवून विचारणं, पेपर आहे हे लक्षात ठेवणं, याने जास्त होतं.

एका माणसाने खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि हे नुसतं भावनेच्या भरात म्हटलेलं वाक्य नाही.

ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी बेघर आणि कुटुंबापासून तुटलेल्या मुलांवर एक अहवाल लिहिला. त्या काळी संस्थांचा भर स्वच्छता, आहार आणि शिस्त यावर होता. बोल्बींनी ठामपणे मांडलं की मुलाला एका माणसाशी उबदार आणि टिकणारं नातं लागतं, आणि ते नसलं तर पोट भरलेलं असूनही मूल खचतं. पुढे त्यांनी आणि मेरी एन्सवर्थ यांनी मिळून जी मांडणी केली तिला अटॅचमेंट म्हणतात. अटॅचमेंट म्हणजे भीती वाटली, दुखलं, थकवा आला की मूल ज्याच्याकडे धाव घेतं त्या माणसाशी असलेलं बांधलेपण. असा माणूस असेल तर मूल त्याच्यापासून लांब जाऊन जग बघू शकतं, कारण परत यायला जागा आहे हे त्याला माहीत असतं.

यानंतरचा मोठा पुरावा रोमानियातून आला. २००० साली बुखारेस्टमध्ये संस्थांत राहणाऱ्या १३६ लहान मुलांचा अभ्यास सुरू झाला. साधारण सहा महिने ते अडीच वर्षं या वयाची ही मुलं, त्यातली निम्मी प्रशिक्षण दिलेल्या फॉस्टर कुटुंबांकडे, म्हणजे दुसऱ्यांची मुलं सांभाळायला घेणाऱ्या कुटुंबांकडे गेली आणि निम्म्यांची काळजी आधीसारखीच चालू राहिली, कोण कुठे हे चिठ्ठ्या टाकावं तसं ठरवलं होतं. संस्थेत शिफ्ट बदलत होत्या, एकेका बाईकडे बरीच बाळं होती, वेळच्या वेळी सगळं मिळत होतं पण 'माझा' म्हणावा असा माणूस नव्हता. कुटुंबांत गेलेल्या मुलांची बुद्धिमत्तेची वाढ आणि अटॅचमेंट दोन्ही सुधारले, आणि जी दोन वर्षांच्या आत गेली त्यांना साधारणपणे जास्त फायदा झाला. संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या पर्यायी काळजीविषयक मार्गदर्शक सूचनांमध्येही तीन वर्षांखालच्या मुलांची काळजी शक्यतो कुटुंबातच व्हावी असं म्हटलंय.

मग संस्थेत राहणाऱ्या मोठ्या मुलांचं काय, त्यांची वेळ गेली का? तर नाही, आणि इथे मला हवाई बेटांतल्या कवाईचा अभ्यास फार महत्त्वाचा वाटतो. १९५५ मध्ये त्या बेटावर जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही दशकं पाठपुरावा केला. त्यातली जी मुलं गरिबी, घरातली भांडणं, आई-वडिलांचं व्यसन किंवा आजारपण अशा अनेक अडचणींत एकाच वेळी अडकली होती त्यांच्यातलीसुद्धा सुमारे एक तृतीयांश मुलं मोठी होऊन सक्षम, आत्मविश्वास असलेली, दुसऱ्यांची काळजी घेणारी माणसं झाली. का झाली याची कारणं बरीच सापडली, त्यातलं एक ठळक कारण म्हणजे आयुष्यात निदान एक तरी भरवशाचं मोठं माणूस असणं, आणि ते आई किंवा वडीलच असायला पाहिजेत असं नव्हतं. आजी असेल, शिक्षक असेल, शेजारी असेल.

म्हणजे तो एक माणूस कोणीही होऊ शकतो, काळजीवाहकही. सगळ्या मुलांचा आपण होऊ असं नाही, पण कोणाचे तरी आपण असू शकतो आणि कोणाचे ते आधी कळत नाही.

मग मूल ढकलतं का?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. खुर्ची मोडून एकदा जोरात आपटलेला माणूस पुढच्या वेळी नव्या खुर्चीवर आधी हाताने दाब देतो, हलवून बघतो, अर्धवट बसतो, मग पूर्ण बसतो. खुर्ची त्याला आवडली नाही म्हणून तो हे करत नाही, बसायची इच्छा आहे म्हणून करतो. ज्या खुर्चीवर बसायचंच नाही ती कोणी हलवून बघत नाही.

ज्या मुलाला आधी दोन-तीन घरांतून, माणसांतून बाहेर काढलं गेलंय ते नेमकं हेच करतं. दुर्लक्ष करणाऱ्या माणसाकडून त्याला काहीच अपेक्षा नाही, म्हणून तिथे परीक्षा नाही. तुमच्याकडून अपेक्षा निर्माण व्हायला लागली की भीती पण निर्माण होते, की हा माणूसही जाणार, आणि वाट बघत बसण्यापेक्षा आताच घालवलेला बरा. हे सगळं मूल ठरवून करत नाही, त्याला स्वतःला विचारलं तर ते म्हणेल 'मला तो आवडत नाही'. म्हणून या काळात तुम्ही काय बोलता त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, त्याच चेहऱ्याने परत येता की नाही हे मूल बघत असतं.

एक सावधगिरी मात्र हवी. मुलाचं प्रत्येक वाईट वागणं म्हणजे परीक्षाच असं नसतं. कधी त्याला झोप झालेली नसते, कधी दात दुखत असतो, कधी शाळेत कोणीतरी काहीतरी बोललेलं असतं, कधी तुम्हीच खरंच अन्याय केलेला असतो. आधी हे तपासा, मानसशास्त्र नंतर.

चिडलेल्या मुलाला समजावून का सांगता येत नाही

अजून एक अवघड शब्द आहे, को-रेग्युलेशन. म्हणजे एका माणसाच्या शांतपणाच्या आधाराने दुसऱ्याने शांत होणं. तान्हं बाळ स्वतःहून फारसं शांत होऊ शकत नाही, कोणीतरी उचलून घेतं, डोलवतं, आवाज खाली आणतं, आणि हे हजारो वेळा झाल्यावर हळूहळू त्याला ते स्वतःचं स्वतः जमायला लागतं. ज्या मुलाच्या वाट्याला हे कमी आलं ते बारा वर्षांचं असलं तरी या बाबतीत लहानच राहिलेलं असू शकतं. त्याला 'शांत हो' म्हणणं म्हणजे जे शिकवलंच नाही त्याची परीक्षा घेणं.

राग किंवा भीती टोकाला गेली की विचार करायची ताकद तात्पुरती मागे पडते, शरीर लढायच्या किंवा पळायच्या तयारीत असतं. त्या वेळी कारणं विचारणं, नियमाची आठवण करून देणं, चार लोकांसमोर उत्तर मागणं, यातलं काहीही आत पोचत नाही आणि आवाज मात्र वाढतो. तेव्हा करायचं एवढंच की आधी बाकीच्या मुलांना बाजूला करायचं म्हणजे प्रेक्षक कमी होतात, मुलाच्या अगदी समोर उभं न राहता थोडं तिरकं, शक्य असेल तर खाली बसायचं, शब्द कमी, आवाज सावकाश. 'मी इथेच आहे, घाई नाही.' दाराची वाट अडवायची नाही, पण तो पळून जाऊन धोक्यात येईल अशी शक्यता असेल तर एकट्याने न थांबता सहकाऱ्याला बोलवायचं. आणि स्वतःचा श्वास बघायचा, कारण आपण आतून थरथरत असलो तर चेहऱ्यावर कितीही शांतता आणली तरी मुलांना कळतं, अशा घरांतून आलेल्या मुलांना तर मोठ्यांचे चेहरे वाचायची सवयच लागलेली असते.

बोलायचं ते नंतर. अर्ध्या तासाने असेल, कधी दुसऱ्या दिवशी. तेव्हा काय झालं, त्याआधी काय झालं, पुढच्या वेळी मला कसं कळावं की तुला आता थांबायचंय, हे त्याच्याकडून समजून घ्यायचं.

"असं केलं तर मुलं डोक्यावर बसतील"

हा आक्षेप सगळ्यात जास्त येतो आणि तो अगदीच निराधार नाही. नातं जोडायच्या नादात काहीजण नियमच सोडून देतात, मुलाने नकार दिला की लगेच माघार घेतात, आवडतं होण्यासाठी दुसऱ्या सहकाऱ्याने घातलेली मर्यादा मोडतात. याने मुलाला सुरक्षित वाटत नाही, उलट इथे कोणाचाच धरबंध नाही असं वाटून ते अजून अस्वस्थ होतं. आणि त्या सहकाऱ्याचं काम अवघड होतं ते वेगळंच.

नातं आणि शिस्त यांना एकमेकांविरुद्ध उभं करण्यातच गडबड आहे. मोबाइल नऊला जमा करायचा असेल तर तो नऊलाच जमा होणार, माझा मूड चांगला असला तरी आणि वाईट असला तरी. फरक एवढाच की मी नाराजी समजून घेईन, पाच मिनिटं आधी आठवण करून देईन, आणि मोबाइल फेकला तर त्याचा परिणाम मोबाइलशी संबंधित असेल, घरच्यांशी होणारा फोन बंद करणं हा नसेल. आई-वडिलांशी भेट, जेवण, झोपायची जागा आणि माझं त्याच्याशी बोलणं या गोष्टी शिक्षा म्हणून कधीही काढून घ्यायच्या नाहीत. अबोला ही सगळ्यात सोपी शिक्षा असते आणि या मुलांसाठी सगळ्यात वाईट, कारण त्यातून त्यांना जे आधीपासून वाटत असतं तेच सिद्ध होतं.

नियम मोठ्यांनाही लागू असतील तर मुलं ते मानतात. यानुश कोरचाक हे पोलिश डॉक्टर, १९१२ पासून वॉर्सॉतलं एक अनाथालय चालवायचे. तिथे मुलांचं स्वतःचं न्यायालय होतं, मुलंच न्यायाधीश, आणि मुलांना मोठ्यांविरुद्धही, अगदी कोरचाक यांच्याविरुद्धही तक्रार नेता यायची. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत मुलाला त्याच्याशी संबंधित बाबींत मत मांडायचा हक्क आला, पण आजही अनेक ठिकाणी तक्रारपेटीची चावी ज्याच्याविरुद्ध तक्रार असते त्याच्याकडेच असते. आपल्याकडे ती कोणाकडे आहे हे एकदा बघून घ्या.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांशी

लहान मूल मांडीवर येऊन बसेल, पंधरा वर्षांची मुलगी दार लावून घेईल. याला नकार समजू नका. या वयात स्वतःचं आयुष्य स्वतःच्या हातात घ्यायची धडपड चालू असते, आणि संस्थेत राहणाऱ्या मुलांच्या हातात तर फारच कमी गोष्टी असतात, कधी उठायचं, कुठे राहायचं, कोणाबरोबर खोलीत राहायचं हे सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं. म्हणून त्यांच्याशी नातं जोडायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे खऱ्या निवडी त्यांच्याकडे देणं. भिंतीचा रंग, आठवड्याच्या कामांची वाटणी, आपल्याबद्दलच्या मीटिंगमध्ये आपण कुठे बसायचं.

बोलणं समोरासमोर होत नाही, शेजारी शेजारी होतं. कपडे घडी करताना, चालत जाताना, गाडीत, कॅरम खेळताना. नजर दुसरीकडे असते म्हणून जड गोष्ट सहज बाहेर पडते. त्यांना आवडणारं गाणं, गेम, खेळाडू याबद्दल तुम्हाला माहीत नसेल तर त्यांनाच विचारा आणि खरंच शिका, त्यांच्या भाषेची नक्कल करू नका, ती लगेच उघडी पडते. आणि चार जणांसमोर टिंगल नको, प्रेमाने केलेली सुद्धा.

जवळीक किती? कुठे थांबायचं?

डेन्मार्कमध्ये या क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी साडेतीन वर्षांचं शिक्षण असतं आणि तिथे एक विभागणी शिकवतात जी मला रोजच्या कामात फार उपयोगी वाटते. माणसाचे तीन भाग धरायचे, व्यावसायिक, व्यक्तिगत आणि खाजगी. व्यावसायिक म्हणजे माझं ज्ञान, जबाबदारी, कायदा. व्यक्तिगत म्हणजे मी माणूस म्हणून जशी आहे तशी, माझं हसणं, माझी आवड, मला अंधाराची भीती वाटायची हे मुलाला सांगणं. हा भाग कामात आणायचाच, नाहीतर आपण फॉर्म भरणारं यंत्र होतो. खाजगी म्हणजे माझं लग्न, माझे पैशांचे प्रश्न, माझ्या न बऱ्या झालेल्या जखमा, हे मुलाकडे न्यायचं नाही. शंका आली की एकच प्रश्न विचारायचा, मी हे सांगतेय ते कोणासाठी, त्याच्यासाठी की माझं मन हलकं व्हावं म्हणून?

मुलांना वेगळ्या भेटी देणं, गुपचूप पैसे देणं, स्वतःच्या खाजगी नंबरवरून रात्री चॅट करणं, एखाद्यालाच घरी नेणं, हे करायचं नाही. हेतू चांगला असला तरी नाही, कारण मुलांशी गैरवर्तन करणारी माणसं अगदी याच पायऱ्यांनी जवळ येतात आणि या बाबतीत मुलांना गोंधळात टाकणं धोक्याचं आहे. जे काही कराल ते सहकाऱ्यांना माहीत असावं आणि नोंदवहीत लिहिता यावं. स्पर्शाबद्दलही तेच, आधी विचारा, मुलाला नाही म्हणायची मोकळीक असू द्या, आणि संस्थेचे नियम पाळा. पण स्पर्शच नको, रडणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावरही हात ठेवायचा नाही इतकं टोक गाठू नका.

आणि गुपितं. एखादं मूल म्हणेल, 'कोणाला सांगणार नाही असं वचन दे, मग सांगतो.' हे वचन द्यायचं नाही. म्हणायचं की तुला किंवा दुसऱ्या कोणाला धोका असेल तर मला मदत आणावीच लागेल, पण कोणाला आणि का सांगतेय हे मी तुला आधी सांगेन. मुलाने अत्याचाराबद्दल सांगितलं तर चौकशी करत बसायचं नाही, 'तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही' एवढं म्हणायचं, त्याचेच शब्द जसेच्या तसे लिहून ठेवायचे आणि लगेच ठरलेल्या जबाबदार व्यक्तीला कळवायचं. वचन न दिल्यामुळे मूल त्या दिवशी कदाचित बोलणार नाही. खोटं वचन देऊन मोडलं तर पुन्हा कधीच बोलणार नाही.

आपल्याकडूनच बिघडलं तर

बिघडणारच. अठरा तास जागं राहून, दोन भांडणं सोडवून, तिसऱ्या वेळी आवाज चढतो. इथे एक संशोधन खूप दिलासा देणारं आहे. एड ट्रॉनिक हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, १९७० च्या दशकात त्यांनी आई आणि तान्ह्या बाळांच्या चेहऱ्यांवरचे हावभाव क्षणाक्षणाने तपासायला सुरुवात केली. सगळं छान चाललेल्या जोड्यांमध्येही आई आणि बाळ एकमेकांशी जुळलेले असतात ते फक्त सुमारे ३० टक्के वेळ. बाकीचा वेळ एक हसतं तेव्हा दुसऱ्याचं लक्ष नसतं, एकाला खेळायचंय तर दुसरं थकलंय, आणि मग ते पुन्हा जुळवून घेतात. ट्रॉनिक यांच्या मते बाळाला बळ मिळतं ते या पुन्हा जुळण्यातून, बिघडलेलं दुरुस्त होतं या अनुभवातून.

आपल्या मुलांना तुटणं चांगलंच माहीत आहे. तुटल्यावर कोणी परत आलं, हा अनुभव कमी आहे. म्हणून माफी मागायची आणि नीट मागायची. 'मी ओरडले ते चुकलं, तू भांडी फेकलीस ते मला चालणार नाही, पण ओरडायला नको होतं.' 'पण तू पण' असं म्हणून आपली चूक त्याच्यावर ढकलायची नाही, आणि 'मला माफ केलंस ना' असं विचारून त्याच्यावर आपलं ओझंही टाकायचं नाही. मूल खांदे उडवून निघून गेलं तरी चालेल.

आई-वडिलांची जागा घ्यायची नाही

काही मुलांच्या घरी खूप वाईट घडलेलं असतं आणि ते ऐकून आपल्याला राग येतो. तो मुलासमोर काढायचा नाही. मूल स्वतः आईला हजार नावं ठेवेल, आपण एक ठेवलं तर ते आईच्या बाजूने उभं राहील आणि आपल्यापासून लांब जाईल, कारण त्याला वाटतं माझ्यातही ती आहे. मुलाला तुम्ही आवडायला लागलात की आईशी बेइमानी केल्यासारखं वाटू शकतं, विशेषतः भेटीच्या आदल्या-दुसऱ्या दिवशी, आणि म्हणून वागणं बिघडतं. अशा वेळी 'तुला आम्ही दोघी आवडू शकतो, त्यात निवडायचं काही नाही' हे स्पष्ट शब्दांत सांगितलेलं बरं. पालक भेटायला आले की त्यांना मुलाबद्दल एखादी चांगली, नेमकी गोष्ट सांगा. बहुतेक वेळा संस्थेकडून त्यांनी फक्त तक्रारीच ऐकलेल्या असतात.

"हे सगळं बरोबर, पण एवढ्या मुलांना एक माणूस कसा पुरणार?"

पुरत नाही, आणि हे काळजीवाहकांच्या माथी मारून चालणार नाही. माणसं कमी, शिफ्ट लांब, पगार अपुरा, दर काही महिन्यांनी नवीन चेहरे, अशा जागी कितीही प्रेमळ माणूस आणला तरी मुलांना स्थिर नातं मिळणार नाही. बुखारेस्टच्या बायका वाईट नव्हत्या, रचना वाईट होती. संस्था चालवणाऱ्यांनी निदान इतकं करावं, प्रत्येक मुलामागे एक ठरलेला माणूस असावा ज्याला त्याचा वाढदिवस, चष्म्याचा नंबर, भीती, मित्र सगळं माहीत आहे, ड्यूटीचा तक्ता मुलांना दिसेल असा भिंतीवर लावावा म्हणजे उद्या कोण येणार हे त्यांना कळेल, आणि काळजीवाहकांना नियमितपणे कोणाशी तरी आपल्या कामाबद्दल मोकळेपणाने बोलायची जागा असावी. दुसऱ्यांच्या वेदना रोज ऐकून माणूस आतून बधिर होतो, झोप उडते, मुलांबद्दल तिरस्कार वाटायला लागतो. हा स्वभावाचा दोष नाही, कामातून होणारी इजा आहे, आणि तिच्यावर वेळेत मदत मिळायला हवी.

तोपर्यंत जे हातात आहे ते छोटं आहे. पूर्ण एक तास देता येत नसेल तर रोज प्रत्येक मुलाला त्याचं नाव घेऊन, कामाचं सोडून काहीतरी एक वाक्य बोलता येतं. शांत मुलं यात सुटतात, जी कधीच त्रास देत नाहीत ती. त्यांची यादी मनात वेगळी ठेवा.

नोकरी सोडताना

शेवटचा आक्षेप सगळ्यात जड असतो. मी जाणारच असेन तर जीव कशाला लावायचा, त्यापेक्षा अंतर ठेवलेलं बरं नाही का? मला असं वाटतं की मुलांना त्रास होतो तो माणूस जाण्याचा होतोच, पण जास्त होतो तो न सांगता जाण्याचा. सोमवारी दिसली आणि मंगळवारी गायब, आणि विचारलं तर 'त्या आता येणार नाहीत' एवढंच उत्तर. यातून मूल निष्कर्ष काढतं की माझ्यामुळे गेली. निरोप नीट झाला तर मुलाला पहिल्यांदा कळतं की माणूस जाऊ शकतं आणि तरी जे होतं ते खरं होतं.

तर तारीख पक्की झाली की मुलांना लवकर सांगा, शक्यतो काही आठवडे आधी, आणि कारण खरं सांगा, त्यांना समजेल इतकं. जाण्याचं कारण ते नाहीत हे वेगळं, थेट सांगा. राग येऊ द्या, काहीजण शेवटचा आठवडा तुमच्याशी बोलणारच नाहीत, तेही चालेल. फोन करेन, भेटायला येईन असं तेव्हाच म्हणा जेव्हा संस्थेची परवानगी आहे आणि तुम्ही खरंच करणार आहात. नवीन माणसाबरोबर निदान काही दिवस एकत्र काम होईल असं बघा, म्हणजे मुलांना तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवताना दिसाल. आणि हँडओव्हरच्या वहीत नुसती औषधं आणि शाळेच्या वेळा लिहून थांबू नका, कोणाला झोपताना दार थोडं उघडं लागतं, कोण रागावलं की आधी गप्प होतं, कोणाला मागून हाक मारलेली चालत नाही, हेही लिहा. तुम्हाला हे कळायला महिने लागलेत, पुढच्या माणसाला ते पहिल्या रात्रीच हातात मिळू दे.